व्यासपीठ दिसले, तिजोरी दिसली नाही

अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी १२ जून १९७५ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीतील निवड रद्द ठरविली. ज्या दोन कारणांवर हा निर्णय उभा होता, ती आज वाचताना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. यशपाल कपूर हे राजपत्रित अधिकारी शासकीय सेवेत असतानाच त्यांचे साहाय्य निवडणुकीच्या कामी घेण्यात आले, हे पहिले कारण. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, बांधकाम खात्याचे अभियंते आणि वीज खात्याचे अभियंते यांच्याकरवी सभांसाठी व्यासपीठे उभारून घेण्यात आली व ध्वनिक्षेपकांसाठी वीज पुरवून घेण्यात आली, हे दुसरे. इंदिराजी १९७१ साली १ लाख ११ हजार ८१० मतांच्या आधिक्याने विजयी झाल्या होत्या. सरकारी खर्चाने उभारलेल्या चार लाकडी व्यासपीठांमुळे हे मताधिक्य मिळाले, असे त्यांच्या कट्टर विरोधकांनाही वाटत नसावे.

तथापि, न्यायमूर्तींपुढे प्रश्न मताधिक्याचा नव्हता. जनतेच्या पैशातून ज्याला वेतन मिळते तो सेवक आणि जनतेच्या पैशातून उभे राहिलेले साधन एका उमेदवाराच्या दिमतीला लावता येते काय, असा तो प्रश्न होता. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यातील १२३ व्या कलमाचे सातवे उपकलम त्याचे उत्तर ‘नाही’ असे देत होते. उमेदवार सामान्य असो की देशाचा पंतप्रधान, कायद्याचे मोजमाप एकच राहील, एवढेच त्या निकालाने सांगितले. सत्तापद आणि उमेदवारी यांच्यामध्ये एक भिंत असली पाहिजे, या तत्त्वाचा इतका रोखठोक उच्चार भारतीय न्यायालयातून त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

पुढे २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या निवडणूक कायद्यातील दुरुस्त्यांचे स्मरण मात्र फारसे कोणाला नाही. शासकीय सेवकाने आपल्या अधिकृत कर्तव्याचा भाग म्हणून उमेदवारासाठी काही व्यवस्था केली वा सोयी पुरविल्या, तर ते निवडणुकीसाठी घेतलेले साहाय्य समजू नये, असे एक परंतुक कायद्यात घालण्यात आले. ‘उमेदवार’ या शब्दाची व्याख्याही बदलली. पूर्वी जो आपण निवडणूक लढविणार असे जाहीर करी तो तेव्हापासून उमेदवार ठरे. दुरुस्तीनंतर ज्याचे नामनिर्देशन विधिवत झाले तोच काय तो उमेदवार. या दुरुस्त्यांना पूर्वलक्षी प्रभाव देण्यात आला आणि ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बदललेल्या कायद्याच्या आधारे इंदिराजींची निवड वैध ठरविली. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेऊ पाहणारी घटनादुरुस्तीची तरतूद त्याच निकालात रद्द झाली. परंतु निवडणूक कायद्यातील दुरुस्त्या टिकल्या.

आणीबाणी गेली, इंदिराजी १९७७ साली त्याच रायबरेलीत त्याच राजनारायण यांच्याकडून पराभूत झाल्या, सरकारे आली आणि गेली. १९७५ च्या त्या दोन दुरुस्त्यांना मात्र पुढच्या एकाही सत्ताधाऱ्याने हात लावला नाही. सत्तेवर असलेल्याला त्या सोयीच्या वाटतात आणि जो आज विरोधात आहे त्याला उद्या सत्तेवर यावयाचे असते, याहून वेगळे कारण शोधण्याची आवश्यकता नाही. परिणाम असा की, अर्ज भरण्यापूर्वी सत्ताधाऱ्याने सत्तेचा कितीही उपयोग करून घेतला, तरी निवडणूक याचिकेच्या दृष्टीने तो भ्रष्ट आचार ठरणे दुरापास्त आहे. कायद्याला व्यासपीठ दिसले होते. तिजोरी दिसलीच नव्हती. नंतर व्यासपीठाकडेही काणाडोळा करण्याची सोय झाली.

आचारसंहितेचे दिवस

कायद्याने जे सोडले ते सांभाळण्याचे काम आदर्श आचारसंहितेकडे आले. हिचा उगम १९६० च्या केरळ विधानसभा निवडणुकीत झाला. राजकीय पक्षांनी आपसांत संमत केलेले ते साधे नियम होते. १९७९ साली निवडणूक आयोगाने तीत सत्तारूढ पक्षाविषयी स्वतंत्र भाग घातला, तेव्हा तिला खरा अर्थ प्राप्त झाला. मंत्र्यांनी शासकीय दौरा आणि प्रचार यांची सांगड घालू नये; सरकारी विमाने, वाहने व कर्मचारी पक्षकार्यास जुंपू नयेत; मैदाने, हेलिपॅड आणि विश्रामगृहे यांवर सत्ताधाऱ्यांनी मक्तेदारी सांगू नये; सरकारी खर्चाने जाहिराती देऊ नयेत; स्वेच्छा निधीतून अनुदाने वाटू नयेत; नव्या योजना जाहीर करू नयेत, कोनशिला बसवू नयेत, रस्त्यांची व पाण्याची आश्वासने देऊ नयेत, असे हे नियम आहेत. सत्तेचा लाभ कोणकोणत्या वाटांनी मतपेटीपर्यंत पोचतो याची ही शासनमान्य यादीच म्हणावयास हरकत नाही.

या संहितेला कायद्याचे बळ नाही, हे तिचे उणेपण पुष्कळदा दाखविले जाते. परंतु ते तिचे खरे उणेपण नव्हे. टी. एन. शेषन यांनी नव्वदीच्या दशकात दाखवून दिल्याप्रमाणे, आयोगाला कणा असला तर कायद्यावाचूनही संहिता चावू शकते. खरे उणेपण तिच्या आयुर्मर्यादेत आहे. ती निवडणुकीच्या घोषणेबरोबर जन्मते आणि निकालाबरोबर विराम पावते. ती अधिसूचनेपासून लागू व्हावी की घोषणेपासून, यावरही केंद्र सरकार आणि आयोग यांच्यात वाद झाला. अखेर २००१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे समझोता होऊन घोषणेचा दिवस मान्य झाला. मात्र घोषणा अधिसूचनेच्या आधी साधारणतः तीन आठवड्यांहून अधिक काळ होऊ नये, असेही ठरले. पाच वर्षांचे दिवस अठराशेच्या घरात जातात. त्यांपैकी सुमारे चाळीस, आणि लोकसभेची निवडणूक लांबली तर फार तर ऐंशी, एवढ्याच दिवसांवर संहितेचा पहारा असतो. उरलेले दिवस सत्ताधाऱ्यांचे.

शिवाय पहारा कोणत्या दिवशी बसणार याचा अंदाज सर्वांनाच असतो. मुंबईत प्रवेश करण्याच्या पाचही पथकर नाक्यांवर हलक्या वाहनांना माफी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने १४ ऑक्टोबर २०२४ रोजी घेतला. विधानसभा निवडणुकीची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली. यात नियमभंग काहीच नव्हता. संहिता नव्या योजनेला मज्जाव करते, चालू योजनेला करीत नाही. म्हणून जी योजना उद्या नवी म्हणून अडेल, ती आज सुरू करून ठेवली की उद्या ती चालू म्हणून सुटते. घोषणेपूर्वीच्या आठवड्यांत मंत्रिमंडळाच्या बैठकांतून निर्णयांचा पाऊस पडतो, तो याच कारणाने. सर्व पक्षांच्या सरकारांचा हा परिपाठ आहे.

देणारा आणि देईन म्हणणारा

महाराष्ट्रातील अलीकडच्या इतिहासात या परिपाठाचे सर्वांत मोठे उदाहरण २०२४ चे आहे. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील ४८ जागांपैकी केवळ १७ जागा महायुतीला मिळाल्या. निकालानंतर महिनाही लोटला नव्हता तोच, २८ जून रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची घोषणा झाली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या, वार्षिक अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी ही योजना. ऑगस्टमध्ये, रक्षाबंधनाच्या आधी, पहिल्या दोन महिन्यांची रक्कम खात्यांत जमा झाली. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते संहिता लागू होण्यापूर्वी आगाऊ देण्यात आले. म्हणजे २० नोव्हेंबरला मतदान केंद्रावर जाण्यापूर्वी पात्र भगिनीच्या हाती ७,५०० रुपये पडलेले होते. महाविकास आघाडीने दरमहा ३,००० रुपयांचे आश्वासन दिले होते. तथापि एकाने दिले होते आणि दुसरा देईन म्हणत होता. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे शहाणपण मराठी गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून २८८ पैकी २३० जागा मिळाल्या.

एवढ्या विजयाचे श्रेय एका योजनेला देणे हे भाबडेपणाचे ठरेल. त्यात संघटना, जातीय समीकरणे, विरोधकांचा विस्कळीतपणा या साऱ्यांचा वाटा होता. परंतु त्याच दिवशी, २३ नोव्हेंबरला, झारखंडाचाही निकाल लागला. तेथे सत्तेवर होते ते महाराष्ट्रातील सत्ताधाऱ्यांचे विरोधक. त्यांनीही ऑगस्टपासून महिलांना दरमहा १,००० रुपये देण्यास आरंभ केला होता, आणि निवडणुकीच्या तोंडावर ती रक्कम डिसेंबरपासून २,५०० करण्याचा निर्णय घेतला होता. तेथेही सत्तारूढ आघाडीच ८१ पैकी ५६ जागा जिंकून परत आली. दोन राज्ये, परस्परविरोधी पक्ष, एकच दिवस आणि एकच फलित. समान होते ते सत्तापद. पुढच्या वर्षी बिहारमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी ७५ लाख महिलांच्या खात्यांत प्रत्येकी १०,००० रुपये जमा करण्यात आले. १० दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, निवडणूक जाहीर झाली. आणि २४३ पैकी २०२ जागा घेऊन सत्तारूढ आघाडी परतली.

हे सारे नव्या काळाचे पाप आहे असेही नव्हे. २००४ साली महाराष्ट्रात शिवसेनेने शेतकऱ्यांना मोफत विजेचे आश्वासन दिले. मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे यांच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने ते विरोधकांच्या हातून काढून घेतले. कृषिपंपांना मोफत वीज निवडणुकीपूर्वीच देऊन टाकली. विरोधी पक्ष जाहीरनाम्यात लिहितो, सत्ताधारी पक्ष शासन निर्णय काढतो. आघाडी पुन्हा सत्तेवर आली आणि २००५ साली, विलासराव देशमुख यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, ती सवलत मागे घेण्यात आली. निवडणुकीच्या आधी परवडणारी गोष्ट निवडणुकीनंतर परवडेनाशी का होते, याचे उत्तर तेव्हाही कोणी दिले नाही. २०२४ नंतर हाच अनुभव दुसऱ्या रूपाने आला. निवडणुकीपूर्वी अर्जांची छाननी घाईने उरकली गेली. निवडणुकीनंतर ती कसून सुरू झाली आणि लाखो नावे अपात्रतेच्या यादीत गेली. दरमहा २,१०० रुपये देण्याचे प्रचारातील आश्वासन २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात उतरले नाही. इतकेच नव्हे तर आदल्या वर्षी ४६ हजार कोटींची गणली गेलेली योजना त्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींवर आली.

पाच वर्षांची पुंजी

रोख रक्कम निदान सर्वांच्या डोळ्यांसमोर वाटली जाते. सत्तापदाची बाकीची पुंजी इतक्या उघडपणे दिसत नाही. खासदारांचा स्थानिक क्षेत्र विकास निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला. प्रारंभी ५ लाख रुपये असलेला हा निधी २०११-१२ पासून वार्षिक ५ कोटींवर गेला. पाच वर्षांत २५ कोटींची कामे आपल्या शिफारशीने करून त्यांवर आपल्या नावाचा फलक लावण्याची सोय विद्यमान खासदाराला आहे. त्याच्या प्रतिस्पर्ध्याला मात्र प्रचारासाठी ठरावीक मर्यादेतला स्वतःचा खर्च आणि निवडणुकीचे काही आठवडे एवढेच उपलब्ध असतात. घटनेच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ साली हा निधी बंद करावा असे सुचविले. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानेही २००७ मध्ये तेच म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ही योजना वैध ठरविली आणि विद्यमान खासदारांना अन्याय्य लाभ मिळतो हा आक्षेप स्वीकारला नाही. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य मानूनही असे म्हणावे लागेल की, गावातील प्रत्येक बसथांब्यावर नाव कोरलेला उमेदवार आणि ज्याचे नाव प्रथमच ऐकू येते तो उमेदवार यांची शर्यत एका रेषेवरून सुरू होत नाही.

महाराष्ट्रात याला आणखी पैलू आहेत. जिल्हा नियोजन समितीच्या पैशाचा ओघ कोणत्या तालुक्याकडे वळवावयाचा, यात पालकमंत्र्याचा शब्द वजनदार असतो. पालकमंत्रिपदासाठी सत्तारूढ पक्षांत जी चुरस चालते, ती केवळ जिल्ह्याच्या कळवळ्यातून चालते असे कोणी मानीत नाही. अडचणीतील साखर कारखान्याला शासनाची थकहमी मिळणार की नाही, यावर हजारो सभासदांचे उसाचे बिल अवलंबून असते. कारखान्याचा अध्यक्ष मग पक्ष बदलतो तो तत्त्वांतरामुळे नव्हे. सत्तेत असलेल्याला अशी माणसे जमवावी लागत नाहीत. ती आपसूक येतात.

जाहिरातींचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी असे बंधन घातले की, सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याखेरीज कोणाचे छायाचित्र नसावे. जनतेच्या पैशाने व्यक्तिपूजा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण केंद्र सरकार आणि काही राज्य सरकारे पुनर्विचारासाठी न्यायालयात गेली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या प्रश्नावर मात्र एका बाजूला होते. १८ मार्च २०१६ रोजी न्यायालयाने राज्यपाल, मुख्यमंत्री व मंत्री यांच्या छायाचित्रांना मोकळीक दिली. आज राशनच्या पिशवीपासून रस्त्याच्या फलकापर्यंत कोणाचे ना कोणाचे हसरे मुख असते. पैसा करदात्याचा आणि नमस्कार मंत्र्याचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार, अशी म्हण ज्या समाजाने घडविली त्याला हे चित्र नवे वाटू नये.

देणगीदारांनाही सत्तेचा वास लागतोच. निवडणूक रोख्यांची योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली आणि त्यानंतर तिचा तपशील प्रकाशात आला. केंद्रात सत्तेवर असलेल्या भारतीय जनता पक्षाच्या वाट्याला सुमारे सहा हजार कोटी रुपये आले होते. एकूण रकमेच्या जवळजवळ निम्मे. तथापि तृणमूल काँग्रेस, भारत राष्ट्र समिती, बिजू जनता दल आणि द्रमुक या पक्षांनाही शेकडो कोटी, काहींना हजाराहून अधिक कोटी मिळाले. हे चौघेही त्या काळात आपापल्या राज्यांत सत्तेवर होते वा सत्तेवर आले. देणगीदाराची निष्ठा विचारसरणीवर असते असा कोणाचा समज असेल, तर तो या आकड्यांनी दूर व्हावा. देणगी पक्षाला दिली जाते, पण पोचते ती खुर्चीपाशी.

आणि सर्वांत मोठा लाभ काळाचा. निवडणूक केव्हा घ्यावी, किंवा घेऊच नये, हे ज्याच्या हाती आहे त्याला पैशाचीही तेवढी आवश्यकता उरत नाही. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. नवी निवडणूक होण्यास जानेवारी २०२६ उजाडला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतील फेरबदल, न्यायालयातील प्रकरणे ही कारणे खोटी नव्हती. परंतु ७४ व्या घटनादुरुस्तीने मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातलेले असताना, देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका पावणेचार वर्षांहून अधिक काळ राज्य शासनाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती राहिली. राज्यातील बहुतेक महापालिकांची व जिल्हा परिषदांची कथा याहून निराळी नव्हती. ज्या सभागृहांतून विरोधी पक्षांचे नवे नेतृत्व तयार व्हावयाचे, ती सभागृहेच त्या काळात कुलूपबंद होती.

मतदारावर सोपवून भागेल काय?

या सर्वांवर एक उत्तर नेहमी दिले जाते. मतदार सुज्ञ आहे. तो पैसे घेतो आणि मत आपल्या मनाने देतो. या उत्तरात तथ्य आहे. १९७७ चा निकाल सर्वांना स्मरतो. १९९९ साली महाराष्ट्रात युती सरकारने मुदतीपूर्वी विधानसभा विसर्जित करून लोकसभेबरोबर निवडणूक घेतली आणि सत्ता गमावली. आंध्रात चंद्राबाबू नायडूंनी मुदतीपूर्वी घेतलेली २००४ ची निवडणूक त्यांच्यावर उलटली. त्याच वर्षी ‘भारत उदय’च्या सरकारी जाहिरातींचा झगमगाट वाजपेयी सरकारला वाचवू शकला नाही. आंध्र प्रदेशातच २०२४ साली, लोकांच्या खात्यांत पाच वर्षे पैसे जमा करणाऱ्या वाय. एस. जगनमोहन रेड्डी यांच्या पक्षाला १७५ पैकी केवळ ११ जागा मिळाल्या. सत्ता हे जसे भांडवल आहे तसे ओझेही आहे. सत्ताधाऱ्याच्या प्रत्येक कोनशिलेमागे एक न बांधलेला पूल उभा असतो.

परंतु मतदार कधीकधी अन्याय्य शर्यतीचा निकाल उलटवितो, म्हणून शर्यत न्याय्य ठरत नाही. आणि ही कसर भरून काढण्याची मतदाराची शक्ती अमर्याद नाही, हे शेजारच्या बांगलादेशाने दाखविले आहे. सत्ताधारी पक्षाच्या देखरेखीखाली निष्पक्ष निवडणूक होऊ शकत नाही, असे तेथील विरोधकांनी ठणकावल्यामुळे १९९६ साली निःपक्ष काळजीवाहू सरकारची व्यवस्था घटनेत आली. त्या व्यवस्थेखाली जून १९९६, २००१ आणि २००८ अशा तीन निवडणुका झाल्या आणि तिन्ही वेळा मावळता सत्ताधारी पक्ष हरला. ही व्यवस्थाही वादातीत नव्हती. २००६ मध्ये काळजीवाहू प्रमुख कोण, यावरूनच देश पेटला. पुढे २०११ साली अवामी लीगच्या सरकारने ही व्यवस्थाच रद्द केली. त्यानंतर २०१४, २०१८ आणि २०२४ अशा तिन्ही निवडणुका सत्ताधारी अवामी लीगनेच जिंकल्या. तिसऱ्या विजयानंतर अवघ्या सात महिन्यांनी, ५ ऑगस्ट २०२४ रोजी, जनक्षोभापुढे शेख हसीना यांना देश सोडावा लागला. मतपेटीतून होणारा बदल अडविला की तो रस्त्यावरून येतो, आणि येताना रक्त घेऊन येतो.

भारतावर ती वेळ आलेली नाही, याचे श्रेय निवडणुकीची यंत्रणा सरकारपासून अलग ठेवणाऱ्या घटनाकारांना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जून १९४९ मध्ये घटना समितीपुढे स्वतंत्र निवडणूक आयोगाची तरतूद मांडली, तेव्हा यंत्रणा कार्यकारी सत्तेच्या हाती राहू नये हेच तिचे सूत्र होते. मात्र आयुक्तपदी सरकारच्या मुठीतील व्यक्ती नेमली जाण्यास मसुद्यात प्रतिबंध नाही, ही उणीवही त्यांनी त्याच चर्चेत प्रांजळपणे मान्य केली होती. ती भरून काढण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२३ च्या निकालाने केला आणि संसद कायदा करीपर्यंत निवड समितीत सरन्यायाधीशांना स्थान दिले. डिसेंबर २०२३ च्या कायद्याने ते स्थान केंद्रीय मंत्र्याकडे गेले. तिघांच्या समितीत दोघे सरकारचे. निवडलेले आयुक्त कर्तव्यनिष्ठ असतीलही. पण खेळणाऱ्या दोन संघांपैकी एकाने पंच नेमावा, आणि दुसऱ्याने त्यावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षा फार मोठी आहे.

हक्क की उपकार?

मग सत्ताधाऱ्यांनी लोकांसाठी काही करूच नये काय? असा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्तही आहे. चांगला कारभार करून त्या बळावर मते मागणे हा लोकशाहीतील सत्ताधाऱ्याचा अधिकारच आहे. गरीब घरातील स्त्रीच्या हाती तिचे स्वतःचे दीड हजार रुपये येतात, तेव्हा तिला औषधासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. यात हिणविण्यासारखे काहीच नाही. आक्षेप देण्याला नाही. देण्याच्या रीतीला आहे.

या बाबतीत महाराष्ट्राला अन्यत्र धडे घेण्यास जावयाचे कारण नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमीची कल्पना आकारास आली. १९७५ पासून शहरांतील पगारदारांवर व्यवसाय कर बसवून तिच्यासाठी पैशाची सोय करण्यात आली. १९७७ साली सर्व पक्षांच्या पाठिंब्याने तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणाऱ्याला काम मिळणे हा त्याचा कायदेशीर हक्क झाला. योजनेच्या नावात मुख्यमंत्र्याचा उल्लेख नव्हता, हप्ता निवडणुकीच्या दिनदर्शिकेवर ठरत नव्हता, आणि खर्च कोठून भागणार हे आधी सांगितलेले होते. अंमलबजावणीत दोष होते, भ्रष्टाचारही होता. परंतु खडी फोडणाऱ्या बाईला आपण कोणाच्या उपकाराखाली आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते. मुकादमाशी भांडताना कायदा तिच्या बाजूने होता.

कायदा आणि शासन निर्णय यांत हाच फरक आहे. शासन निर्णय एका सहीने निघतो आणि दुसऱ्या सहीने फिरतो. म्हणूनच तो काढणाऱ्याचे आभार मानावे लागतात आणि न काढणाऱ्याची भीती बाळगावी लागते. ‘आम्ही परत आलो नाही तर ही योजना बंद पडेल’ हे वाक्य प्रचारसभेत उच्चारता येते, ते योजना हक्क नसते म्हणूनच. कायद्याने मिळालेल्या हक्काविषयी अशी धमकी इतक्या सहज देता येत नाही.

उपाय अवघड नाहीत. अवघड आहे ती इच्छा. विधिमंडळाच्या वा लोकसभेच्या अखेरच्या सहा महिन्यांत रोख साहाय्याची नवी योजना सुरू करावयाची, तर ती विधेयकाच्या रूपाने, उत्पन्नाच्या मार्गासह आणि विरोधकांच्या चर्चेनंतरच सुरू व्हावी. त्याच काळात हप्ते आगाऊ देण्यास आणि सरकारी जाहिरातींत पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे छापण्यास बंदी असावी. प्रतिनिधींच्या निधीतील नव्या शिफारशी मुदतीच्या अखेरच्या वर्षी थांबाव्यात. स्थानिक संस्थांच्या निवडणुका वेळेवर घेण्याचे बंधन, ते मोडले तर उत्तर द्यावे लागेल इतके कडक व्हावे. आणि आयुक्तांच्या निवडीत सरकारचे बहुमत नसावे. यांपैकी एकही सूचना कोणा एका पक्षाच्या विरोधात नाही. ज्यांना आज ती जाचक वाटेल, त्यांनाच पुढच्या निवडणुकीत ती संरक्षक वाटण्याचा संभव आहे.

१९७५ च्या निकालाने चार व्यासपीठांच्या निमित्ताने जी भिंत दाखविली, ती सरकार आणि पक्ष यांच्यामधली होती. ती आज कोणी एका रात्रीत पाडलेली नाही. दर पाच वर्षांनी तिच्यातील एकेक वीट काढली गेली आणि प्रत्येक वेळी काढणाऱ्याचा पक्ष निराळा होता. तिजोरी करदात्याची आहे आणि करदाता म्हणजे काडेपेटी विकत घेताना कर भरणारी ती बहीणही आहे. तिच्याच पैशाने तिला ऋणी करून ठेवणे हा सत्तापदाचा सर्वांत मोठा लाभ आहे. तो ज्या दिवशी संपेल, त्या दिवशी ती मत देईल ते नागरिक म्हणून देईल; लाभार्थी म्हणून नव्हे.